बाबा म्हणतात, जमणार नाही

शाळेतली पोरं त्यांना 'पुढेकाय बाई' म्हणायची. दारावर चांगली लांबलचक पाटी होती, 'करिअर मार्गदर्शन आणि समुपदेशन कक्ष' अशी. पण पाट्या वाचत बसायला पोरांना वेळ कुठला? पोर आत येऊन खुर्चीत टेकलं की बाई चष्मा वर सरकवून विचारायच्या, "हं, मग पुढे काय?" झालं, नाव पडलं ते पडलंच. बाईंच्या कानावर ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्या मनापासून हसल्या होत्या. आता मात्र सकाळचा चहा घेताना तो प्रश्न त्यांना आपोआप ऐकू यायचा, आणि उत्तर म्हणून आणखी एक कप चहा, एवढंच सुचायचं.

कक्ष म्हणजे तरी काय, तर पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. रबराचा वास भिंतींत मुरलेला. रंग दोनदा देऊन झाला, वास हटला नाही. अर्धं सामान अजून बाईंच्या कपाटामागेच होतं. एखादी मुलगी डोळे पुसत घरचं काही सांगत असायची आणि खेळाचे मास्तर "एकच मिनिट हं" करत आत घुसून जाळी ओढून न्यायचे. जाळी नेता नेता मुलीला धीरही देऊन जायचे, "रडायचं नाही, धावायचं!" बाईंनी तक्रार करून पाहिली, मग हात टेकले.

शाळा अशी, की एका वर्गात डोकावलं तर निदान दहा भाषा सापडाव्यात. कुणाचे आईबाप कामासाठी आलेले, कुणाचे जीव मुठीत धरून, कुणाचे आधी येऊन स्थिरावलेल्या काकाच्या भरवशावर. प्रत्येकाचं घर वेगळं, घरातलं बोलणं वेगळं, मोठ्यांसमोर कधी बसायचं आणि कधी उभं राहायचं तेही वेगळं. चाचणी मात्र सगळ्यांना एकच. वरून आलेली. 'सुट्टीत तुम्हाला काय आवडेल, होडी वल्हवणे की बागकाम?' एका मुलाने होडीच्या प्रश्नापाशी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललंच नाही. तो या गावात कसा येऊन पोहोचला होता हे बाईंना नंतर कळलं. तेव्हापासून तो प्रश्न त्या स्वतःच्या हाताने खोडून मगच कागद वाटायच्या. वर कुणाला सांगायच्या फंदात पडल्या नाहीत. आणि या चाचणीची आणखी एक गंमत होती. जे पोर कमी बोलायचं, त्याच्या वाट्याला हमखास 'वनाधिकारी' यायचं. एवढी जंगलं कुणाकडे आहेत, हा प्रश्न बाईंना दरवर्षी पडायचा.

घरी गेल्यावर यजमान विचारायचे, "काय, आज किती जणांना मार्गाला लावलंस?"

"एकीला," बाई चपला काढत म्हणायच्या. "मलाच. घरचा रस्ता सापडला."

निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. थकवा आता झोपेने जात नव्हता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या काळज्या वाहून तो हाडांत उतरला होता, आणि त्याचं कौतुक करणारं कुणी नव्हतं हेही खरं.

अशात विज्ञानाच्या मास्तरांनी एका मुलीला त्यांच्यापुढे आणून उभं केलं.

"ही आमची मिस्त्री," मास्तर म्हणाले.

मुलगी शेवटच्या वर्षाला होती, अठराला टेकलेली. अंगाने किरकोळ, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं असं की शब्दाला शब्द जोडताना तिला खर्च येत असावा. प्रयोगशाळेतला जुना तराजू, जो मास्तरांच्याही आधीपासून चुकीचं वजन दाखवत होता, तो तिने केसांच्या पिनेने आणि नखाने दुरुस्त केला होता. मग सूक्ष्मदर्शक. मग मास्तरांचं घड्याळ. तेव्हापासून ते तिला मिस्त्री म्हणायला लागले, आणि ते नाव तिला आवडतं हे तिच्या कानांच्या पाळ्यांवरून कळायचं. त्या लाल व्हायच्या.

दूरच्या एका शहरात मोजमापाची नाजूक यंत्रं बनवायला शिकवणारी एक संस्था होती. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. खर्च संस्थेचा. जागा मोजक्या. मास्तरांनी बाईंच्या मागे लागून अर्ज करायला लावला, मुलीने परीक्षा दिली, आणि तिची निवड झाली. बाईंनाही उगीचच अंगात जोर आल्यासारखं वाटलं. आठवड्याच्या शेवटापर्यंत होकार कळवायचा होता. आता राहिलं होतं घरच्यांशी बोलणं.

घरच्यांशी बोलणं हे बाईंच्या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण. फोनवरून बोलणारी दुभाषी सेवा होती, नाही असं नाही. पण ती 'गंभीर बाबींसाठी' होती आणि पोराने पुढे काय करावं ही बाब गंभीर नाही असं वरच्या कुणीतरी ठरवलं होतं. साध्या बाबीसाठी मुख्याध्यापकांची सही आणायची, मग वाट बघायची. त्यापेक्षा सगळे करायचे तेच बाईंनी केलं. मुलीला म्हणाल्या, "तूच सांग ना बाबांना. हुशार आहेस तू."

वडील आले ते पावाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट. भुवयांमध्ये पीठ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले, जणू पूर्ण बसलो तर कुणी रागावेल. बाईंना त्यांच्याकडे बघून बरं वाटलं. दमलेल्या माणसाला दमलेला माणूस ओळखू येतो.

बाईंनी सावकाश सगळं सांगितलं. संस्था कशी, मुली राहतात कुठे, सुट्टीत घरी कधी येता येतं. मिस्त्री एकेक वाक्य घेऊन आपल्या भाषेत वडिलांना देत होती. ऐकता ऐकता वडिलांचा चेहरा उजळत गेला. शेवटी ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. हात हलवत होते, छातीवर तळवा ठेवत होते, मध्येच अर्धवट उठून त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. हाताला पिठाचा खरखरीतपणा होता.

मिस्त्रीने जमिनीकडे बघत सांगितलं, "बाबा म्हणतात, जमणार नाही."

बाईंनी वडिलांकडे पाहिलं. वडील हसत होते.

"एवढंच म्हणाले?"

"तुमचे आभार मानले. पण मुलीने घरीच राहावं म्हणतात. इथेच काहीतरी काम बघावं."

आता इथे कुणीही साधं माणूस असतं, भाजीवाली म्हणा, रिक्षावाला म्हणा, तर त्याने म्हटलं असतं, अगं पोरी, तुझा बाप तर खुशीने वेडा झालाय आणि तू काय सांगतेस? पण बाई साध्या राहिल्या नव्हत्या. त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. वेगवेगळ्या संस्कृतींतल्या कुटुंबांशी कसं वागावं यावर एका गुळगुळीत आवाजाच्या तज्ज्ञाने दिवसभर शिकवलं होतं, आणि जेवणाआधीच्या तासात निक्षून सांगितलं होतं की चेहऱ्यावर विसंबू नका. काही समाजांत तोंडावर नकार देणं असभ्य मानतात. ती माणसं हसतात, मान डोलावतात, हातही धरतात, आणि त्याचा अर्थ नाही असाच असतो. बाईंनी ते लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. ती रेघ त्यांना आत्ता आठवली. त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली, की पूर्वीची मी असते तर फसले असते.

तरी त्यांनी थोडं समजावून पाहिलं. मुलीची बुद्धी, तिचं भविष्य, पुन्हा अशी संधी येणं न येणं. हे भाषण त्यांना इतकं पाठ होतं की ते म्हणताना त्या मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकत असत. मिस्त्रीने त्यातलं काहीबाही वडिलांना सांगितलं. वडिलांचं हसू मावळलं. त्यांनी हळू आवाजात काही विचारलं, मग पुन्हा विचारलं.

"बाबा म्हणतात, राग मानू नका."

"छे, राग कसला," बाई म्हणाल्या. बिचाऱ्यांना नाही म्हणावं लागल्याचं किती वाईट वाटतंय, असं त्यांच्या मनात आलं.

विज्ञानाचे मास्तर मात्र भडकले. "म्हणजे तुम्ही तसंच सोडून दिलंत?"

"प्रत्येक घराची एक रीत असते, मास्तर. आपण कोण ती मोडणार?"

"रीत गेली खड्ड्यात! त्या पोरीचे हात बघितलेत का तुम्ही कधी काम करताना?"

दरवर्षी असं एखादं पोर निसटायचं. सुरुवातीच्या काळात त्या अशा घरांचे जिने चढून जायच्या, अनोळखी स्वयंपाकघरांत बसून वाद घालायच्या, कधी जिंकायच्या. आता जिने चढवत नव्हते, आणि खरं सांगायचं तर वादही नको वाटत होते. 'त्यांची रीत' म्हटलं की जिना चढावा लागत नाही, हे त्यांना मनातून कळत होतं. संस्थेला नकार कळवायचा फोन तेवढा त्यांनी केला नाही. उद्या करू, म्हणत राहिल्या. आळस म्हणा हवं तर. आठवडा मात्र संपत आला.

आणि वडील पुन्हा आले. एकटेच. बरोबर एक मोठी बॅग.

निळी, चाकांची, हँडलवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. त्यांनी ती उचलून बाईंच्या टेबलावर, सगळ्या कागदांवरच ठेवली आणि उघडली. आत काही नव्हतं, फक्त नव्या कापडाचा वास. मग खिशातून संस्थेचं माहितीपत्रक काढलं. घडी घालून घालून ते मऊ पडलं होतं. त्यात मुलींच्या खोलीचा फोटो होता. वडिलांनी फोटोतल्या पलंगाखाली बोट ठेवलं, मग बॅगेवर ठेवलं, मग वितीने बॅग मोजून दाखवली. आणि बाईंकडे बघत राहिले.

बाई हबकल्याच. आजवर त्यांनी खूप नकार पाहिले होते. पण सामान घेऊन आलेला नकार हा पहिलाच.

"मुलगी... वर्गात," त्या हातवारे करत म्हणाल्या. "बोलावू?"

वडिलांनी घाईघाईने मान हलवली. मुलगी नको. तेवढा शब्द त्यांना येत होता. "नको, नको."

बाईंनी फोन ओढला आणि दुभाषी सेवेचा नंबर फिरवला.

"बाब गंभीर आहे का?" पलीकडून विचारलं. "नसेल तर मुख्याध्यापकांची सही लागेल."

"गंभीर आहे," बाई म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी त्यांचा आवाज त्यांनाच ओळखीचा वाटला.

थोड्या वेळाने एका बाईचा कोरडा, शांत आवाज आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला. आवाज म्हणाला, "मी दुभाषी. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगेन, कुणीही बोललं तरी. पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर मीही 'मी'च म्हणेन. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. असल्या अटींना माणूस हो म्हणतो तसं.

आवाजाने तेच वडिलांच्या भाषेत सांगितलं. वडील टेबलावर वाकले आणि फोनला उद्देशून बोलले, फोनमध्ये कुणी बसलेलं असावं तसं, मान तुकवून.

"बाई," फोनमधला आवाज म्हणाला, "माझ्या मुलीला तुम्ही का नाकारलंत?"

"मी? मी नाकारलं?"

तेही आवाजाने वडिलांना सांगितलं. वडील बोलत राहिले, आणि त्यांच्या मागोमाग तो कोरडा आवाज.

"त्या दिवशी मी म्हणालो, तिला आजच न्या. म्हणालो, मी पीठ मळणारा माणूस, पण माझी मुलगी यंत्रं बनवणार, हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगणार आहे. तुमचा हात धरला. मग तुम्ही म्हणालात, जागा भरल्या. मी घरी गेलो. माझी बायको म्हणाली, तू नीट मागितलं नसशील, तुला कधी काही मागता येत नाही. म्हणून आम्ही बॅग घेतली. तिला बरं नसतं, पण ती दुकानापर्यंत चालत आली, मध्येमध्ये बसत. रंग तिने निवडला. बॅग बघितली की बाईंना कळेल, आपण खरंच पाठवणार आहोत, असं ती म्हणाली. आता एखादी जागा निघते का बघा. तिला जमिनीवर झोपायची सवय आहे."

बाईंना लाज वाटली, आणि ती नुसती वाटली नाही, तिने कानशिलं तापली. हा माणूस समोर बसून हसत होता. लहान मुलालाही कळलं असतं असं हसत होता. आणि आपण त्या हसण्याचा अर्थ एका तज्ज्ञाला विचारून ठरवला.

त्यांनी शिपायाला पाठवून मिस्त्रीला वर्गातून बोलावून घेतलं. वडील अस्वस्थ झाले.

मिस्त्री दारात आली. तिने बॅग पाहिली, वडिलांना पाहिलं, टेबलावरच्या फोनचा लाल दिवा पाहिला. तिला सगळं कळलं. ती बसली नाही.

"बस गं," बाई म्हणाल्या. "मी रागावलेले नाही. पण त्यांचा होकार माझ्यापर्यंत नकार होऊन आला, आणि माझा होकार त्यांच्यापर्यंत. का केलंस असं?"

आवाज ते वडिलांना सांगत होता. वडिलांनी मुलीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त काही समजत नव्हतं.

"घरात कुणाला इथली भाषा येते?" मिस्त्री बोलली. आवाज चढलेला. "दवाखान्यात कोण बोलणार? औषधाच्या दुकानात? दारावर कुणी आलं तर? मी गेले की सगळे मुके."

फोनने सांगितलं. वडिलांनी ताबडतोब उत्तर दिलं.

"मी शिकेन. शेजारीण येईल. थोडा थकवा तर आहे तिच्या आईला, आम्ही सांभाळू."

"थकवा!" मिस्त्री बाईंवरच उखडली, जणू तो शब्द बाईंनी काढला होता. "काय सांभाळणार आहेत ते? त्यांना काय माहीत आहे? थकवा नाहीये तो. आई बरी होणार नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंय, औषध नुसतं दुखणं कमी करायला आहे, आणि पुढचं वर्ष ती बघेल की नाही सांगता येत नाही. दुभाषी यायला उशीर लागेल, तूच सांग, हुशार आहेस तू, असं म्हणाले डॉक्टर. आई तिथेच बसली होती. माझ्याकडे बघून हसत होती, काय म्हणाले गं, काय म्हणाले? मी म्हटलं, रक्त कमी आहे. पालेभाजी खा म्हणालेत."

ती थांबली. आणि मग फोनमध्ये त्या बाईने बोलण्याआधी घेतलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

बाईंचा हात फोन बंद करायच्या बटणाकडे गेला. एका बटणाचं काम होतं. मग त्यांनी स्वतः सावकाश, बसून, पाणी वगैरे देऊन काहीतरी मार्ग काढला असता. इतकी वर्षं तेच तर केलं होतं.

"राहू दे, बाई," मिस्त्री म्हणाली. ती आता रडत होती. "सांगू दे तिला. मला नाही जमत."

बाईंनी हात मागे घेतला.

आवाज बोलला. तसाच कोरडा, तेवढाच संथ, काही न घालता, काही न गाळता. वडील ऐकत होते. सुरुवातीला ते फोनकडे बघत होते, मग बॅगेच्या निळ्या झाकणाकडे, मग कुठेच नाही. पालेभाजीपर्यंत आवाज पोहोचला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले तेच शब्द आपणही या पोरीला म्हणालो. हुशार आहेस तू. जिना चढायचा कंटाळा आला की मोठी माणसं हुशार पोरांना असंच म्हणतात. त्यांना त्या डॉक्टरचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मग वडील बोलले. मुलीशीच बोलले, पण फोन आपलं काम करत होता.

"त्या दिवशी दवाखान्यातून येताना तुझी आई गाणं गुणगुणत होती. मी तिला चिडवत होतो. तू आमच्या पुढे चालत होतीस. मला वाटलं, पोरीला आमची लाज वाटते, म्हणून पुढे चालते."

मिस्त्री मान हलवत त्यांच्याजवळ गेली आणि खुर्चीपाशी जमिनीवरच बसली. मग दोघं आपल्या भाषेत बोलायला लागले, एकमेकांचं तोडत, हलक्या आवाजात. फोनमधला आवाज म्हणाला, "मी तेव्हा..."

"नको, ताई," बाई म्हणाल्या. "हे मला सांगू नका. हे माझ्यासाठी नाहीये."

"बरं," आवाज म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो थोडा ओला वाटला.

मध्येच खेळाच्या मास्तरांनी दार ढकललं. "एकच मिनिट..." बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते पावलं न वाजवता परत गेले.

वडिलांनी बाहीने तोंड पुसलं, भुवयांतलं पीठ गालांवर फासलं गेलं. त्यांनी बाईंकडे वळून सावकाश, एकेक शब्द वेगळा करत काही सांगितलं, आणि फोनला हाताने खूण केली, की सांग.

"आज मी घरी जाऊन माझ्या बायकोला सांगणार," आवाज म्हणाला. "मी सांगणार, मुलगी नाही. नवरा मी आहे. यापुढे दवाखान्यात मी जाईन आणि या फोनवाल्या बाईंसारखं कुणीतरी मागून घेईन. मागायला शिकेन. आणि मुलगी जाईल. तिच्या आईने बॅग घेतली ती परत करायला नाही घेतली. जागा आहे की नाही, तेवढं सांगा."

"जागा आहे," बाई म्हणाल्या. "तिचीच आहे. पहिल्यापासून."

त्या मिस्त्रीकडे वळल्या. नेहमीचा प्रश्न जिभेवर आला होता, पुढे काय हा. तो त्यांनी गिळला. आयुष्यभर तो प्रश्न विचारून त्या पोर सोडून बाकी सगळ्यांची उत्तरं घेत आल्या होत्या, बापांची, काकांची, चाचणीची. या पोरीलाही त्यांनी तोच एकदा विचारला होता, आणि ती "बाबांना विचारते" म्हणाली तेव्हा मान डोलावून पुढच्या पोराला आत बोलावलं होतं.

"तुला काय हवंय गं?" बाई म्हणाल्या. "बाबा काय म्हणतात ते कळलं. आईला काय हवंय तेही कळलं. तुझं सांग. नको म्हणालीस तरी मी एका शब्दाने काही बोलणार नाही."

मिस्त्री जमिनीवरच बसून होती. तिने बॅगेची चेन ओढली, थोडी अडकत होती ती, नखाने दाता सरळ केला, पुन्हा ओढली. चेन नीट सरकली.

"मला जायचंय," ती म्हणाली. इतक्या हळू, की बाईंना पुढे वाकावं लागलं. "आईचं असं असतानाही जायचंय. ती आजारी आहे हे कळलं त्या रात्रीही मला जायचंच होतं, बाई. मी घरात कुणाला तोंड दाखवू? म्हणून बाबांच्या नावावर नाही म्हणून टाकलं. मी राहिले असते ना, तर मला निदान... निदान चांगली मुलगी म्हणवून घेता आलं असतं."

वडील एकदा तिच्याकडे, एकदा बाईंकडे, एकदा फोनकडे बघत होते, आपल्या मुलीने काय सांगितलं ते कधी कळतंय याची वाट बघत.

फोनमधल्या बाईने श्वास घेतला आणि त्यांच्या भाषेत पहिला शब्द उच्चारला.

"थांबा," मिस्त्री म्हणाली. तिने डोळे पुसले, वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून घेतली. "हे मी सांगते."